वाचकांचे प्रश्न : कवळीखालचा लाल टाळू

प्रश्न : डॉक्टरताई, मी चोपडा तालुक्यातल्या एका गावाहून लिहिते आहे. माझ्या सासूबाईंचं वय 68. चार वर्षांपूर्वी त्यांचे उरलेले सगळे दात काढून वर-खाली पूर्ण कवळी बसवली. गेल्या दिवाळीपासून तिखट खाल्लं की तोंडाची आग होते म्हणतात. शेवभाजी सोडाच, डाळीच्या फोडणीत मिरची पडली तरी ताट सरकवतात. मी बॅटरी लावून पाहिलं तर वरचा टाळू लालबुंद. आणि ती लाली कवळीची कड जिथे संपते तिथेच संपते, जणू कोणी रेघ मारली आहे. आधी ताकदीच्या गोळ्या आणल्या, मग तोंडात लावायचं जेल आणलं. जेलने आठ-दहा दिवस बरं वाटतं, परत तेच. असं तीनदा झालं. त्यांना साखर आहे, सकाळी गोळी घेतात. कवळी मशेरीने घासतात, ती सवय दात होते तेव्हापासूनची. रात्री कवळी काढत नाहीत. काढा म्हटलं तर म्हणतात, "दात काढीसन लोकेसपुढे कशी बसू मी?" हे कॅन्सरचं तर नाही ना? की कवळीच्या मटेरियलची अॅलर्जी आहे? सरळ नवी कवळीच करून घ्यावी का?
– एक सून

उत्तर : ताई, तुम्ही बॅटरी घेऊन सासूबाईंच्या तोंडात पाहिलंत, यासाठी आधी तुमचे मनापासून आभार. अमळनेरला दवाखाना चालवून मला तीस वर्षं होत आली. कवळी काढून आतला टाळू पाहिलेला नातेवाईक मला वर्षातून एखादाच भेटतो. तुमच्या पत्रातलं मोलाचं वाक्य ते रेघेचं. त्या रेघेनेच निम्मं निदान करून टाकलं आहे.

याला डेन्चर स्टोमॅटायटिस म्हणतात, म्हणजे कवळीखालच्या त्वचेचा दाह. पूर्ण कवळी वापरणाऱ्यांमध्ये हा इतका आढळतो की रोज ओपीडीत एखादा तरी दिसतोच. गंमत वाटेल, पण बहुतेकांना काही दुखत नाही. सासूबाईंना आग होते म्हणून निदान तुमचं लक्ष तरी गेलं.

कॅन्सरची भीती आधी बाजूला करू. कॅन्सर कवळीच्या कडेने आखून घेतल्यासारखा पसरत नाही. तो बहुधा एका बाजूला, एका जागी असतो. न भरणारी जखम, हाताला कडक लागणारी गाठ, पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल-पांढरा चट्टा, मानेत गाठ, ओठ-जीभ बधिर होणं, ही त्याची लक्षणं. कवळी काढून ठेवूनही दोन आठवड्यांत जी जखम भरत नाही, ती डॉक्टरांना दाखवायची म्हणजे दाखवायचीच. सासूबाई मशेरी लावतात, म्हणजे तंबाखू वर्षानुवर्षं हिरडीला लागते आहे. म्हणून मी इथे बसून "काही नाही" असं लिहून मोकळी होणार नाही. एकदा दाताच्या डॉक्टरांकडून गाल, जीभ, जिभेखालची जागा, सगळं नीट तपासून घ्या. पण तुम्ही वर्णन केलेल्या त्या लालीने रात्रीची झोप उडवून घेऊ नका.

अॅलर्जीही बहुधा नाही. अॅक्रिलिकची, म्हणजे कवळीच्या प्लास्टिकची, खरी अॅलर्जी फार क्वचित असते, आणि ती चार वर्षं वाट पाहून दिवाळीत सुरू होत नाही.

मग आहे काय? कॅन्डिडा नावाची एक बुरशी आहे. ती बऱ्याच धडधाकट माणसांच्या तोंडात असतेच, लाळ तिला काबूत ठेवते. वरची कवळी टाळूला चिकटून बसते, त्या फटीत लाळ शिरत नाही, हवा शिरत नाही. खालची कवळी अरुंद असते, थोडी हलते, तिच्याखालून लाळ फिरत राहते. म्हणून लाली बहुतेक वेळा वरच्या टाळूलाच दिसते. आता कवळीची टाळूकडची बाजू बोटाने चाचपून पाहा. बाहेरून ती काचेसारखी गुळगुळीत असते, आतून मात्र खरखरीत. आतली बाजू टाळूच्या मापाबरहुकूम राहावी म्हणून ती पॉलिश करतच नाहीत. शिवाय अॅक्रिलिकला डोळ्यांना न दिसणारी बारीक छिद्रं असतात. बुरशी आणि जंतू तिथे थर धरतात, विहिरीच्या पायरीवर शेवाळ धरतं तसा. पाण्याने खळखळून तो थर निघत नाही.

आता जेलचं कोडं सुटेल. तुम्ही औषध लावलंत टाळूला. टाळू बरा झाला. बुरशी मात्र कवळीत तशीच बसलेली, आणि तीच कवळी चोवीस तास त्याच टाळूवर. घर झाडून केर उंबऱ्याच्या आतच ठेवला तर दुसरं काय होणार? औषध वाईट नव्हतं. ते अर्ध्याच जागी लागलं. माझ्याकडे असे रुग्ण येतात ज्यांनी वर्षभरात सहा-सहा ट्यूब संपवलेल्या असतात आणि कवळीला एकदाही ब्रश लागलेला नसतो. मला त्यांच्यावर राग येत नाही. राग येतो तो कवळी हातात देताना ती कशी सांभाळायची हे पाच मिनिटं बसून न सांगणाऱ्या आम्हा डॉक्टर मंडळींवर.

तर उपचाराचा क्रम असा. पहिली गोष्ट, रात्रीची. झोपताना कवळी तोंडाबाहेर, पाण्याच्या डबीत. निदान सहा ते आठ तास टाळू उघडा राहिला पाहिजे, त्याला लाळ लागली पाहिजे. साध्या, सुरुवातीच्या लालीत एवढ्याने आणि स्वच्छतेनेच बराच फरक पडतो. टाळू फार लाल असेल तर पहिला आठवडा-पंधरवडा दिवसाही जेवणापुरतीच कवळी घालायला मी सांगते.

दुसरी, घासण्याची. मशेरी बंद. सासूबाईंना चार दिवस जड जाईल, पण मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, आणि दात नसले तरी हिरडी आहेच. राखुंडी, कोळसा, मीठ, दंतमंजन यांनीही कवळी घासायची नाही. त्याने अॅक्रिलिकवर चरे पडतात आणि बुरशीला आणखी घरं मिळतात. नेहमीची टूथपेस्टसुद्धा खरखरीतच असते. मऊ ब्रश आणि साधा साबण किंवा हात धुवायचा लिक्विड साबण, एवढं पुरे. घासताना खाली परातीत पाणी भरून ठेवा किंवा जाडसर टॉवेल पसरा. साबणाने कवळी निसटते, आणि मोरीच्या फरशीवर पडली की दोन तुकडे ठरलेले. आतली, टाळूकडची बाजू जास्त घासायची. लोक बाहेरचे दात चकचकीत करतात आणि आतली बाजू तशीच सोडतात, कारण ती कोणाला दिसत नाही. प्रत्येक जेवणानंतर काढून धुवा. आणि टाळू, हिरडी, जीभ हेही ओल्या मऊ फडक्याने किंवा लहान मुलाच्या ब्रशने हलकेच पुसून काढा.

तिसरी, भिजवण्याची. मेडिकलमध्ये 0.2 टक्के क्लोरहेक्सिडिनचा माउथवॉश मिळतो. दिवसातून दोनदा पंधरा मिनिटं कवळी त्यात बुडवून ठेवा, मग स्वच्छ धुवा. फार दिवस केलं तर कवळीवर तपकिरी डाग पडतात, म्हणून उपचाराच्या काळापुरतंच. कवळी साफ करायच्या फसफसणाऱ्या गोळ्याही मिळतात, त्याही चालतील. त्या पाण्यात टाकायच्या असतात, तोंडात नव्हे. एकदा एका आजोबांनी ती चघळायला घेतली होती, म्हणून स्पष्ट लिहिते. घरात कपड्यांचं ब्लीच असेल आणि कवळीत कुठेही धातू नसेल, तर ग्लासभर पाण्यात दोन छोटे चमचे टाकून दहा मिनिटं कवळी भिजवता येते. नंतर वाहत्या पाण्याखाली भरपूर धुवायची. ब्लीचमध्ये व्हिनेगर, लिंबू किंवा संडास साफ करायचं अॅसिड कधीही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. आणि उकळतं पाणी नको. "जंतू मरतील" म्हणून कवळी उकळून आणणारे पुष्कळ जण पाहिले. कवळी वाकडी होते, आणि मग ती कोणत्याच टाळूला बसत नाही. मे महिन्यात ओट्यावर उन्हात वाळत ठेवणंही तितकंच वाईट.

हे सगळं चालू असेल तरच औषधाला अर्थ आहे. क्लोट्रिमॅझोलचं तोंडात लावायचं औषध किंवा निस्टॅटिनचं द्रावण आपल्याकडे नेहमी देतात. टाळूला लावताना कवळी काढायची, आणि कवळीच्या आतल्या बाजूलाही पातळ थर लावायचा. लाली गेली म्हणून आठव्या दिवशी थांबायचं नाही. साधारण दोन आठवडे, किंवा डॉक्टर सांगतील तितके दिवस पूर्ण करायचे. निस्टॅटिन दिलं असेल तर ते आणि क्लोरहेक्सिडिन लागोपाठ वापरू नका, ती दोन्ही एकमेकांना निकामी करतात. मध्ये निदान अर्ध्या तासाचं अंतर हवं.

आता साखरेच्या गोळीचं. इथे नीट लक्ष द्या. बुरशीसाठी फ्लुकोनॅझोल नावाची पोटात घ्यायची गोळी येते आणि ती काउंटरवर सहज हातात पडते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड या साखरेच्या गोळ्यांसोबत ती घेतली तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम फुटणं, हात थरथरणं, भोवळ. घरात एकटी असलेली म्हातारी बाई त्यात पडली तर खुब्याचं हाड मोडतं. सासूबाईंच्या गोळीचं पाकीट डॉक्टरांना दाखवल्याशिवाय फ्लुकोनॅझोल घेऊ नका. याच धर्तीवर, हृदयाच्या झडपेसाठी वॉरफरिन घेणाऱ्यांनी मायकोनॅझोलचं जेल विचारल्याशिवाय तोंडात लावू नये. त्याने रक्त जास्त पातळ होऊन रक्तस्राव होऊ शकतो. जेल "नुसतं लावायचं" असलं तरी ते गिळलं जातंच.

साखर वाढलेली असेल तर बुरशीला आयतंच खाणं मिळतं. म्हणून एचबीए1सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी, करून घ्या. सोबत हिमोग्लोबिन आणि बी-12 ही पाहा. तुमच्याकडच्या जेवणात कळण्याची भाकरी असते, ठेचा असतो, पण दात नसलेली बाई हळूहळू चहा-बिस्किटांवर आणि मऊ भातावर येते. रक्त कमी झालं की तोंडाची आतली त्वचा पातळ होते आणि मग आग जास्त जाणवते. आग आणि लाली यांची कारणं वेगवेगळी असू शकतात. लाली जाऊनही आग राहिली तर या तपासण्या उपयोगी पडतील. ताकदीच्या गोळ्या सरसकट घेण्यापेक्षा काय कमी आहे ते पाहून घेतलेल्या बऱ्या.

नवी कवळी? आत्ता नाही. हे मी ठामपणे सांगते, कारण यात लोकांचे पैसे वाया जातात. लाल, सुजलेल्या टाळूचं माप घेतलं तर कवळी त्या सुजेवर बेतली जाते. सूज उतरली की कवळी सैल. आधी टाळू गुलाबी होऊ द्या, मग माप. दरम्यान जुनी कवळी हलत असेल, एका बाजूने टोचत असेल, तर डॉक्टर ती घासून देतील किंवा आतून तात्पुरतं मऊ अस्तर लावून देतील. हे अस्तर थोड्या दिवसांचंच असतं. जुनं झालं की त्यातच बुरशी धरते, म्हणून ते वेळेवर बदलावं लागतं. टाळू बरा झाल्यावर पक्कं रिलायनिंग, म्हणजे आतून नवं पक्कं अस्तर, किंवा नवी कवळी. दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत राहतं, पहिल्या वर्षात सर्वांत जास्त आणि पुढे आयुष्यभर थोडं थोडं; खालच्या जबड्याचं वरच्यापेक्षा कितीतरी अधिक. कवळी आहे तशीच राहते, तोंड बदलतं. चार वर्षांत तुमच्या सासूबाईंची कवळी सैल झाली असण्याची बरीच शक्यता आहे.

न्यूटन नावाच्या दंतवैद्यांनी 1962 मध्ये या दाहाचे तीन प्रकार मांडले, आम्ही अजून तेच वापरतो. पहिल्यात टाळूवर सुईच्या टोकाएवढे लाल ठिपके. दुसऱ्यात कवळीखालची सगळी जागा लाल. तुमच्या वर्णनावरून सासूबाई इथे आहेत. तिसऱ्यात टाळूच्या मध्यभागी बाजरीच्या दाण्यांसारखे बारीक फोड उठतात, हात लावला तर मखमलीसारखं लागतं. त्या दाण्यांच्या फटीत बुरशी दडते, नुसत्या औषधाने ते जात नाहीत, कधी कधी छोटी शस्त्रक्रिया करावी लागते. दुसऱ्यावरून तिसऱ्यावर जाऊ द्यायचं नाही, यासाठी ही धडपड.

आता सासूबाईंचं ते वाक्य. दात काढून लोकांपुढे कशी बसू? ताई, यावर मी हसणार नाही, कारण हे वाक्य मी माझ्या घरात ऐकलं आहे. माझ्या आईला पूर्ण कवळी होती. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आम्ही बहिणी माहेरी जमायचो, जावई असायचे, नातवंडं असायची. आई खापरावर पुरणपोळ्या टाकत असायची, तोंडावर पदर. एका आखाजीला तिने पोळीसोबतचा रस्सा बाजूला ठेवला. मी दाताची डॉक्टर, तिची मुलगी. मी विचारलं, तोंड दाखव. ती म्हणाली, "माले काहीच दुखत नही, मंग काय दखाडू तुले?" आणि मी ऐकलं. पुढच्या वर्षी पाहिलं तेव्हा टाळूवर दाणे उठलेले होते. ती वर्षभर एकदाही कवळी काढून झोपली नव्हती. माझे वडील गेल्यावरसुद्धा नाही, खोलीत ती एकटी असतानासुद्धा नाही. रात्री अचानक कोणी आलं तर, एवढीच तिची काळजी. दवाखान्यात मी परक्या माणसांना कवळी काढायला लावते आणि आईला लावलं नाही, हे मला आजही टोचतं.

म्हणून सासूबाईंना "डॉक्टरांनी सांगितलंय" असं दरडावू नका. त्यांना झाकणाची एक डबी आणून द्या, स्टीलची नको, आतलं दिसणार नाही अशी रंगीत. ती त्यांच्या उशाशी राहू द्या, मोरीतल्या कोनाड्यात नको. सगळ्यांच्या नजरेसमोर कवळी बुडवून ठेवायला कोणालाही लाज वाटेल. दिवा मालवल्यावर काढायची, पहाटे उठल्यावर पाठ करून घालायची. आणि ज्या रात्री घर पाहुण्यांनी भरलेलं असेल, गच्चीवर सगळे एका ओळीत झोपलेले असतील, त्या रात्री नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी दुपारी. उन्हाळ्यात बारा ते चार आपल्याकडे गाव आडवंच असतं. तेवढा वेळ दार लोटून कवळी काढून ठेवली तरी टाळूला विसावा मिळतो. रोज रात्रीची सोय उत्तमच, पण काहीच न करण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

घरातल्या पुरुष मंडळींना पटवायचं असेल तर एक गोष्ट सांगा. जपानमध्ये 85 च्या पुढच्या 524 वृद्धांचा अभ्यास झाला, 2015 मध्ये तो प्रसिद्ध झाला. कवळी घालून झोपणाऱ्यांना न्यूमोनिया होण्याचा धोका ती काढून झोपणाऱ्यांच्या दुपटीहून अधिक आढळला. कवळीवरचा थर झोपेत लाळेबरोबर श्वासनलिकेत उतरतो, असं त्याचं कारण समजतात.

पंधरा दिवसांनी परत बॅटरी लावा आणि पाहा. रेघ पुसट झाली असेल तर चालू ठेवा. जशीच्या तशी असेल तर तापी ओलांडून या, नाहीतर धुळ्याला दंत महाविद्यालय आहे तिथे न्या. कवळी आणि गोळ्यांची पाकिटं दोन्ही सोबत घ्या.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, धुळे. दम्यासाठी रोज दोन वेळा पंप घेतो. कवळी नऊ वर्षांची. ओठांचे दोन्ही कोपरे फाटतात, जांभई दिली की रक्त येतं. व्हॅसलिन, तूप, सगळं झालं. टाळूही लाल आहे असं मुलगी म्हणते.

उत्तर : गुरुजी, तुमच्या प्रश्नात तीन धागे आहेत आणि तिन्ही एकमेकांत गुंतलेले आहेत. पंपात स्टेरॉइड असतं. ते फुप्फुसात जायला हवं, पण थोडं टाळूवर आणि घशात बसतं, आणि तिथे बुरशी फोफावते. पंप बंद करायचा नाही, दम्याचं औषध थांबवणं धोक्याचं. पंपाला स्पेसर, म्हणजे औषध ओढून घ्यायची प्लास्टिकची नळी, जोडा, आणि पंप झाल्यावर कवळी काढून खळखळून चूळ भरा, गुळण्या करा, पाणी थुंकून टाका. कवळी तोंडात ठेवून चूळ भरली तर टाळू कोरडाच राहतो.

कोपऱ्यांचं कारण वेगळं आहे. नऊ वर्षांत कवळीचे दात झिजतात, हाड झिजतं, आणि तोंड मिटल्यावर नाक-हनुवटीतलं अंतर कमी होतं. ओठांच्या कोपऱ्यांना घडी पडते. त्या घडीत लाळ साचते, कातडं भिजून फाटतं, आणि मग तिथे टाळूवरचीच बुरशी शिरते, कधी तिच्या जोडीला जंतूही. तुपाने ती घडी ओलीच राहते. आधी टाळूचा आणि कवळीचा उपचार करा, वर सूनबाईंना सांगितला तसाच. कोपऱ्यांना लावायचं मलम डॉक्टर पाहून देतील. टाळू बरा झाला की नवी कवळी करून घ्या, आणि माप देताना "उंची वाढवून द्या" हे आवर्जून बोला. रक्तातलं लोहही तपासा. ते कमी असेल तरी कोपरे फाटतात.

प्रश्न : कवळीखाली आग होते, लवंगेचं तेल लावलं तर चालेल का? – भुसावळ

उत्तर : नाही. नाजूक, सुजलेल्या त्वचेला ते भाजतं.

प्रश्न : मी नंदुरबार जिल्ह्यातला कोरडवाहू शेतकरी. कवळी मधोमध तडकली, झटपट चिकटवायच्या गोंदाने घरीच जोडली. दोन महिने झाले, आता टाळूला फोड येतात. नवी कवळी करायला पैसे नाहीत.

उत्तर : भाऊ, त्या गोंदाची जोडरेषा जिभेने चाचपून पाहा, ती खरखरीत असेल. तिथेच घासतं आणि तिथेच घाण साचते. तो गोंद तोंडात ठेवण्यासाठी बनवलेला नाही. शिवाय दोन तुकडे केसाएवढे जरी सरकून जोडले गेले तरी पूर्ण कवळीचा तोल जातो आणि एकाच जागी दाब येतो. कवळी दुरुस्त करून मिळते, नव्या कवळीच्या मानाने फार थोड्या खर्चात. दुरुस्तीला देताना गोंद खरवडू नका, आहे तशी द्या. टाळूवरचे फोड बरे होईपर्यंत कवळी घालू नका. दोन आठवड्यांत ते भरले नाहीत तर थांबू नका, जिल्हा रुग्णालयात दाताच्या विभागात दाखवा.

पैशांबद्दल. केंद्र सरकारची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 पासून आहे. 60 वर्षांवरच्या गरीब ज्येष्ठांना चष्मा, श्रवणयंत्र, काठी, व्हीलचेअर यांच्याबरोबर कवळीही त्यात मोफत मिळते. बऱ्याच जणांना चष्म्याचं ठाऊक असतं, कवळीचं नसतं. शिबिरात नोंद करताना कवळी हवी असं तोंडाने सांगावं लागतं. तालुक्याला शिबिर कधी आहे ते जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात विचारा, आधार कार्ड आणि दारिद्र्यरेषेचं कार्ड जवळ ठेवा. तुमचं वय पत्रात नाही. साठीच्या आत असाल तर दंत महाविद्यालयात विचारा, तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली कवळ्या करतात आणि खर्च बराच कमी येतो. दोन-चार खेपा घालाव्या लागतात, तेवढी तयारी ठेवा.

प्रश्न : वय 74, शहादा. डॉक्टरांच्या सांगण्यावरून महिनाभर रात्री कवळी काढून झोपतो. टाळूची लाली गेली. पण सकाळी कवळी घालताना घट्ट बसते, आत जातच नाही असं वाटतं. रात्री काढल्यामुळे तोंड बिघडलं का? परत घालून झोपू का?

उत्तर : आबा, तोंड बिघडलं नाही. दिवसभर कवळीखाली दबलेली हिरडी रात्री मोकळी होते आणि फुगून आपल्या मूळ आकाराला येते. म्हणून सकाळी कवळी घट्ट वाटते. कवळी पाण्यातून काढून ओलीच घाला, कोरडी नको. आधी एक चूळ भरा, मग वरची कवळी अंगठ्याने टाळूकडे हलकेच दाबून धरा. चावून बसवू नका, त्याने ती मधून तडकते. पाच-दहा मिनिटांत बसेल, चहा होईपर्यंत विसरूनही जाल. दुपारपर्यंत घट्टच राहिली किंवा एका जागी टोचत राहिली तर मात्र डॉक्टरांना दाखवा, रात्रभर डबीतलं पाणी आटून ती कोरडी पडली होती का तेही त्यांना सांगा. उन्हाळ्यात शहाद्याच्या हवेत उघड्या वाटीतलं पाणी सकाळपर्यंत खाली गेलेलं असतं. डबीला झाकण लावा.